वाढीचा निरोप

फौजेच्या भरतीची तारीख जवळ आली की आमच्याकडच्या रस्त्यांवर पहाटेच पावलं वाजायला लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात. त्यामुळे कडोली, येळ्ळूर, उचगावपासून खानापूरच्या जंगलाकाठच्या गावांपर्यंत कुठंही जा, भावकीत एखादा तरी फौजी निघतोच. त्याचं बघून पोरं धावायला लागतात. धावणं सरावानं सुधारतं, छाती कमावता येते, लेखी परीक्षेची तयारी क्लास लावून होते. उंचीपुढं मात्र कुणाचं काही चालत नाही. मग तालमीतल्या बारला लोंबकळणं येतं, डब्यातल्या पावडरी येतात. मी इथं पी.यू.च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना जीवशास्त्र शिकवते. भरतीच्या दिवसांत तास संपला की एक-दोन मुलगे टेबलापाशी रेंगाळतात आणि इतर सगळे बाहेर गेल्याची खात्री करून विचारतात, "मॅडम, उंची वाढायचं इंजेक्शन असतंय काय हो?"

असतंय, असंच उत्तर द्यावं लागतं, कारण ते खरं आहे. पण समोर उभ्या असलेल्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे पटवायला वेळ लागतो. तो वेळ मी आनंदानं देते. पोरांचे पैसे आणि तब्येत दोन्ही वाचतात, हे एक. दुसरं असं की या एका प्रश्नातून शरीराच्या वाढीचा सगळा कारभार उलगडून दाखवता येतो, आणि माझ्या विषयात यापेक्षा सुंदर काही आहे असं मला वाटत नाही.

लांब हाडांच्या टोकांशी कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी दुणावतात, एकावर एक रचल्या जातात, फुगतात, मरतात, आणि त्यांच्या जागी हाड भरतं. उंची म्हणजे या पट्ट्यांची कमाई. वयात येताना शरीरातलं इस्ट्रोजेन वाढतं आणि पट्ट्या हळूहळू हाडात मिसळून जातात. मुलींत साधारण 14 ते 16 व्या वर्षी, मुलांत 16 ते 18 च्या सुमारास. मुलांतही इस्ट्रोजेनच हे काम करतं, कारण टेस्टोस्टेरॉनपासून त्यांचं शरीर ते बनवत असतं. 1994 साली एका 28 वर्षांच्या पुरुषाची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. त्याची उंची 204 सेंटीमीटर होती आणि तो अजून वाढतच होता. बाकी सगळ्यांच्या पट्ट्या मिटतात. त्या मिटल्यावर ग्रोथ हार्मोन टोचत राहिलं तर जबडा आणि पंजे जाड होतात, सांधे दुखतात, रक्तातली साखर चढते. उंचीत बोटाचा फरक पडत नाही.

पण त्या पट्टीला 'वाढ' असं सांगतं कोण? पुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे: मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन सुटतं, ते सांगतं. 1957 साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅल्मन आणि डॉहाडे या दोघांनी हे उत्तर तपासून पाहिलं. उंदराच्या कुर्चेचे तुकडे काचेच्या भांड्यात ठेवले आणि ते किरणोत्सारी सल्फेट किती शोषून घेतात ते मोजलं, कारण नवी कुर्चा बनताना सल्फेट लागतं. ग्रोथ हार्मोन थेट तुकड्यांवर टाकलं, तर तुकडे जवळपास ढिम्म. धडधाकट उंदराच्या रक्तातला द्रव टाकला, तर काम सुरू. पीयूषिका काढलेल्या उंदराचा द्रव टाकला, तर पुन्हा काही नाही. मात्र त्याच उंदराला आधी ग्रोथ हार्मोन टोचून मग त्याच्या रक्तातला द्रव घेतला, तर कुर्चा कामाला लागली. म्हणजे ग्रोथ हार्मोन शरीरात गेल्यावर दुसरंच काहीतरी तयार होत होतं, आणि कुर्चा ऐकत होती ती त्याचं.

त्या 'दुसऱ्या'ची रचना कळायला 1978 उजाडलं. झ्युरिकमध्ये रिंडरक्नेख्ट आणि हुम्बेल यांनी ती उलगडली: 70 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन, इन्सुलिनशी इतकं मिळतंजुळतं की नावच पडलं इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर, आयजीएफ-वन. त्याचा भाऊ आयजीएफ-टू 67 अमिनो आम्लांचा. तो बाळ पोटात असतानाच्या वाढीत जास्त राबतो. साखरेच्या आजाराशी ज्याचं नाव आपण जोडतो ते इन्सुलिन आणि हाडं वाढवणारं हे प्रथिन एकाच घराण्यातले. अन्न आणि वाढ यांचं नातं इतकं जुनं आहे. (ग्रोथ हार्मोन कुर्चेवर थोडंफार थेटही काम करतं, हे पुढं कळलं. पण मुख्य भार आयजीएफवरच.)

इथं मुलं वहीत 'हार्मोन म्हणजे ग्रंथीतून रक्तात सुटणारं रसायन' असं लिहून मोकळी होतात. तेव्हा मी त्यांना गावातली दवंडी सांगते. हार्मोन ही दवंडी: चावडीपासून निघते, सगळ्या गल्ल्यांतून फिरते, ज्याच्या कामाची असेल तो ऐकतो. ग्रोथ फॅक्टर बहुतेक वेळा परड्याच्या कुंपणावरून शेजारणीनं दिलेला निरोप असतो. एका पेशीनं सोडला, बाजूच्या पेशीनं घेतला, तिथल्या तिथं काम झालं. कधी कधी पेशी स्वतःचाच निरोप स्वतः ऐकते. आयजीएफ-वन दोन्हीकडचं आहे. यकृत ते रक्तात सोडतं, आणि कुर्चेतल्या, स्नायूतल्या पेशी ते जागेवरही बनवतात. 1999 साली दोन प्रयोगशाळांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या यकृतात आयजीएफ-वन बनतच नव्हतं. रक्तातली पातळी पार खाली आली. उंदीर मात्र जवळपास नेहमीइतकेच वाढले! जागेवरचा पुरवठा त्यांना पुरला. हा प्रयोग मी दरवर्षी सांगते. सगळी वाढ वरच्या एका हुकमावर चालते, हा समज त्यानं मोडतो. हुकूम लागतो, पण वाढ घडते ती त्या त्या ठिकाणच्या पेशींच्या आपसातल्या व्यवहारातून.

आणि त्या व्यवहाराला अन्न लागतं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हा.

मूल उपाशी असेल, विशेषतः त्याला प्रथिनं कमी पडत असतील, तर त्याच्या रक्तातलं ग्रोथ हार्मोन कमी होत नाही. उलट वाढतं. कुपोषित मुलांमध्ये ते चढलेलं सापडतं. पण यकृत त्याचं ऐकेनासं होतं आणि आयजीएफ-वन घसरतं. जस्ताची कमतरताही त्याला खाली ओढते. यात शरीराचा हिशेब चोख असतो: ग्रोथ हार्मोन साठलेली चरबी मोडून दिवस निभावून नेतं, आणि आयजीएफ थांबल्यामुळं नव्या बांधकामावरचा खर्च थांबतो. मूल जगतं, खुजं राहतं. वारंवार जुलाब आणि ताप असले तरी हेच होतं. गर्भात राहिल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतच्या काळात हे घडलं तर मागं पडलेली उंची पुढं पूर्ण भरून निघणं अवघड असतं. म्हणजे माझ्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या उंचीतला, आईबापांकडून आलेल्या वाट्याखेरीजचा, मोठा हिस्सा तो रांगत होता तेव्हाच ठरून गेलेला असतो. त्या वेळी त्याची आई काय जेवत होती, घरात प्यायचं पाणी कुठून येत होतं, यावर.

म्हणून अंगणवाडीतल्या बाई काट्यावर बाळ ठेवतात आणि रजिस्टरात आकडा लिहितात, ते मला बेळगाव जिल्ह्यातलं अतिशय मोलाचं वैज्ञानिक काम वाटतं. पावसाळ्यात वाट तुटते अशा खानापूरच्या आतल्या वाड्यांवर हे काम करणाऱ्या बायका आहेत. मराठी बोलणाऱ्या आईशी मराठीत बोलायचं आणि अहवाल कन्नडमध्ये भरायचा, हेही त्याच करतात. सीमाप्रश्नावर माझी मतं ठाम आहेत आणि ती इथं लिहीत नाही. पण कुठल्याही बाजूचं सरकार लहान मुलाच्या ताटात काही वाढत असेल, तर मला ते मनापासून हवं आहे. कर्नाटकात 2013 पासून क्षीरभाग्य योजनेत शाळेतल्या मुलांना दूध मिळतं. दुधाचा आणि आयजीएफचा संबंध मोजून पाहिलेला आहे. डेन्मार्कमध्ये 8 वर्षांच्या मुलांना 7 दिवस रोज दीड लिटर दूध दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं आयजीएफ-वन 19 टक्क्यांनी वाढलं. तेवढंच प्रथिन मांसातून घेतलेल्या मुलांत तशी वाढ दिसली नाही. दीड लिटर दूध आपल्याकडं कुणी मुलाला पाजत नाही, पाजूही नये. पण दावणीला म्हैस असून सगळं दूध डेअरीला घालणाऱ्या घरात एक पेला तरी मुलासाठी बाजूला काढावा, हे सांगायला मला या प्रयोगाचा आधार वाटतो.

कुत्र्यांवरून सांगितलं की मुलांना आयजीएफ पटकन कळतं. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ कुत्रं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, उंच आणि शिडशिडीत. आणि शहरातल्या बंगल्यातलं मांडीवरचं कुत्रंही. 2007 साली दिसून आलं की लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये आयजीएफ-वनच्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार सर्रास सापडतो आणि मोठ्या जातींत तो क्वचितच असतो.

मग जास्त आयजीएफ म्हणजे जास्त चांगलं का? इक्वेडोरच्या दक्षिणेकडच्या डोंगरात काही घराणी आहेत. त्यांच्यातल्या काही जणांच्या पेशींना ग्रोथ हार्मोन ओळखता येत नाही. 1966 साली इस्रायलच्या झ्वी लारॉन यांनी ज्याचं वर्णन केलं तोच हा दोष. त्यांचं आयजीएफ-वन अगदी कमी आणि उंची साधारण चार फुटांच्या आसपास. अशा शंभराच्या आसपास लोकांवर 22 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2011 साली निष्कर्ष आले: मधुमेह एकालाही नाही, कर्करोग फक्त एकीला, तोही जीवघेणा नाही. त्यांच्याच घरातल्या नेहमीच्या उंचीच्या नातेवाइकांना मात्र दोन्ही आजार होत होते. वाढीचा निरोप मिळत राहणं आणि तो वेळीच थांबणं, शरीराला दोन्ही सारखंच लागतं.

हे ग्रोथ फॅक्टर सापडले कसे, याची गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते. रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी, इटलीतल्या तोरिनो शहरातल्या ज्यू घरात 1909 साली जन्मलेली. बापाला मुलींनी शिकणं पसंत नव्हतं. हट्ट धरून डॉक्टर झाली. 1938 साली मुसोलिनीनं ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि विद्यापीठाचं दार बंद झालं. तिनं झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली. प्रयोगाला कोंबडीची अंडी, कारण ती सहज मिळत. बॉम्ब पडायला लागल्यावर घरदार खेड्यात हललं, तिथं ती शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून फलित अंडी गोळा करायची. उरलेला बलक घरच्यांच्या जेवणात जायचा.

प्रश्न असा होता: पिल्लाच्या गर्भाचा कोवळा पंख-पाय काढून टाकला तर तिकडं जाणाऱ्या मज्जापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, कमी दिसतात; त्या तयारच होत नाहीत, की होऊन मरतात? अमेरिकेतल्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांना वाटत होतं, तयार होत नाहीत. त्या खोलीत रीटाला दिसलं की तयार होतात, वाढू लागतात, आणि मग मरतात. पोचायच्या ठिकाणाहून काहीतरी मिळत नाही म्हणून. युद्धानंतर, 1947 साली, हॅम्बर्गरनीच तिला सेंट लुईसला बोलावून घेतलं. थोड्या महिन्यांसाठी गेलेली रीटा तीसेक वर्षं तिथली झाली. उंदराच्या एका गाठीतून असलं काहीतरी पाझरतंय हे लक्षात आल्यावर तिनं 1952 साली गाठ असलेले उंदीर सोबत घेऊन विमानानं रिओ दी जानेरो गाठलं, कारण काचेत ऊती वाढवायची सोय तिथल्या मैत्रिणीकडं होती. गाठीचा तुकडा मज्जापेशींच्या गड्ड्याजवळ ठेवला. एका दिवसात त्या गड्ड्यातून चहूबाजूंनी तंतूंची प्रभावळ फुटली.

पुढं स्टॅन्ली कोहेन तिच्या जोडीला आला. तो पक्का रसायनशास्त्रज्ञ. अर्कात न्यूक्लिक आम्ल आहे का हे तपासायला त्यांनी सापाचं विष घातलं, कारण विषातलं विकर (एन्झाइम) ते आम्ल तोडतं. झालं उलटंच, प्रभावळ आणखी दाट फुटली. विषातच तो पदार्थ भरपूर होता! विषाच्या ग्रंथी मुळात लाळेच्या ग्रंथींच्याच नात्यातल्या, म्हणून मग उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, आणि तिथं साठाच सापडला. हा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. तोच अर्क नवजात उंदरांना टोचताना कोहेनला आणखी एक गोष्ट दिसली: पिल्लांचे डोळे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी उघडायचे ते आठवडाभरातच उघडले, दातही लवकर आले. दुसरा कुणी असता तर अशुद्ध अर्काचा परिणाम म्हणून सोडून दिला असता. कोहेननं त्याचा माग काढला आणि 1962 साली वेगळं केलेलं प्रथिन जगासमोर मांडलं, 53 अमिनो आम्लांचा एपिडर्मल (कातडीचा) ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. दोघांना 1986 चं नोबेल मिळालं. रीटा 103 वर्षं जगली, 2012 पर्यंत.

या कामातून निघालेली एक गोष्ट मला कधी जुनी वाटत नाही. गर्भात मज्जापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. काही गटांत साधारण निम्म्या मरून जातात. जिला योग्य ठिकाणी पोचून तिथला फॅक्टर मिळतो ती टिकते. आपल्या मेंदूची, नसांची जुळणी आधी काढलेल्या नकाशावर बेतलेली नाही. कोण कुणापर्यंत पोचलं यावर ती ठरते.

आता उलटी बाजू. हाच निरोप थांबेनासा झाला की काय होतं? 1983 साली कळलं की माकडांत गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूचं जनुक म्हणजे प्लेटलेट्समधल्या ग्रोथ फॅक्टरचीच जवळपास नक्कल. बाजूच्या पेशीनं सांगितल्याशिवाय पेशी स्वतःलाच 'वाढ, वाढ' सांगत सुटते. निपाणीच्या तंबाखूनं या भागाला पैसा दिला, बिड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या चुली त्यावर पेटल्या, आणि तंबाखूनंच होणारे तोंडाचे कर्करोगही इथं घरोघर ठाऊक आहेत. त्या गाठींच्या पेशींवर ईजीएफ पकडणारी प्रथिनं बहुधा प्रमाणाबाहेर उगवलेली असतात. स्तनांच्या कर्करोगातही दर पाच-सहा रुग्णांमागे एकीत त्याच कुळातलं एचईआर-टू हे प्रथिन वाढलेलं असतं; त्याला बांधून ठेवणारं औषध 1998 साली आलं आणि बायकांचं आयुष्य वाढलं. मधुमेहींच्या डोळ्यात पडद्याला रक्त कमी पडलं की तो नव्या रक्तवाहिन्यांसाठी व्हीईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर सोडतो. वाहिन्या फुटतात, पण कच्च्या, गळक्या, आणि नजर जाते. चंदगडकडची माणसं बेळगावला 'डोळ्यात इंजेक्शन' घ्यायला येतात ती हा निरोप अडवायला. ऐकून अंगावर काटा येतो खरा. वेळेत घेतलेलं हे इंजेक्शन नजर वाचवतं.

मधुमेहाचंच पुढं सांगते. आमच्या थोरल्या काकूंना साखरेनं पावलात बधिरपणा आलेला. अथणीच्या नव्या कोऱ्या चपला चावल्या, त्यांना कळलंच नाही, आणि टाचेला जखम झाली. साध्या जखमेत रक्त गोठतानाच प्लेटलेट्स आपल्या पिशव्यांतले फॅक्टर मोकळे करतात; त्यानं सफाई करणाऱ्या पेशी येतात, मग तंतू विणणाऱ्या, मग नव्या वाहिन्या, आणि शेवटी कडेची कातडी आत सरकते. मधुमेहाच्या जुनाट जखमेत ही साखळी अडते. त्या जखमेच्या पाण्यात इतकी विकरं साठलेली असतात की आलेला फॅक्टर तिथंच चिरडला जातो. अशा जखमेवर लावायला प्लेटलेट्समधल्या फॅक्टरचं जेल 1997 साली अमेरिकेत आलं, आणि ईजीएफचं जेल आपल्याकडं हैदराबादेत बनतं. काकूंच्या मुलानं पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारलं. डॉक्टरांनी आधी पायाची नाडी बघितली, मेलेलं मांस कापून काढलं, साखर इन्सुलिननं ताब्यात आणली, आणि टाचेवर भार द्यायचा नाही अशी तंबी दिली. जेल नंतर. हा क्रम बरोबरच होता. रक्त पोचत नसेल, पू असेल, तर कितीही महाग फॅक्टर ओतला तरी ऐकायला तिथं धड पेशीच नसतात.

कडेकडेनं गुलाबी पातळ कातडी आत यायला लागली तेव्हा ड्रेसिंगला मी काकूंसोबत बसत असे. शेजारपाजारचे सांगत होते, पट्टी काढून ऊन दाखवा, हवा लागू द्या, सुकू द्या, हळद चेपा. आमच्याकडं हे सगळे प्रेमानंच सांगतात. पण कातडीच्या पेशी सरकतात त्या ओलाव्यावरून. खपली धरली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. कोहेनचा ईजीएफ प्रसिद्ध झाला त्याच 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं येते. तेव्हा मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली तर ती स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ पट्टीनं झाका, वर हळद, कॉफीपूड, राख काही घालू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.